सोमाटण्यात ग्रँड पियानो

आमच्या सोमाटण्याच्या फ्लॅटमध्ये स्टाइनवेचा ग्रँड पियानो आला आहे. लांबी २७४ सेंटिमीटर, वजन ४८० किलो. फाट्यावरून हमाल मात्र बोलवावे लागले नाहीत, कारण तो चिरंजीवांच्या लॅपटॉपमध्ये आहे. वाजवायला समोर कीबोर्ड. २००६ साली निघालेला ‘पियानोटेक’ नावाचा हा फ्रेंच प्रोग्रॅम. खऱ्या पियानोचे सूर टेप करून ठेवण्याची भानगड यात नाही. हातोडी, तार, लाकूड यांचं गणित मांडून सूर जागच्या जागी तयार होतो. (गणितातून सूर निघतो हे मला शाळेतच कळतं तर!) तार म्हणे १० मीटरपर्यंत लांबवता येते. आमचा हॉलसुद्धा तेवढा नाही.

सौ.ला याचं कौतुक नव्हतं. तिनं तीस वर्षं शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवला. पावसाळ्यात ओल धरून हमखास बेसूर होणारा. शाळेनं तो भंगारात काढला त्या दिवशी ती जेवली नव्हती.

“फार गुळगुळीत वाजतो हो तुमचा,” एवढंच म्हणाली.

मग चिरंजीवांनी पडद्यावरची एक खूण दाखवली. ती सरकवली की पियानो म्हातारा होतो. मी एक हात खुणेवर, एक पट्ट्यांवर ठेवून त्याचं वय वाढवत बसलो. सूर ढळू लागले. निम्म्याच्या जरा पुढे गेलो असेन, तोच ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली.

“थांबा, आता हलवू नका. आणि सरका बघू तिकडे.”