बाटलीतला समुद्र



तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? माझे घर साताऱ्याला आणि शाळा सांगलीला. दोन्हीकडे कृष्णा नदी आहे. समुद्र मात्र कोठेच नाही. तरीही मी दरवर्षी वर्गात समुद्र शिकवतो.

एकदा मी मुलांना सांगत होतो, "नद्या जमिनीतील क्षार वाहून नेतात, म्हणून समुद्राचे पाणी खारट असते." तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग आपल्या कृष्णेचे पाणी खारट का लागत नाही?" मी "पुढच्या वर्गात शिकाल" असे म्हणून तिला बसवले. ती बसली, पण तिचा प्रश्न माझ्या मनात उभाच राहिला.

म्हणून २०२२ साली मी इंटरनेटवरून समुद्रविज्ञानाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात प्रयोगही होते. शिक्षक दूरच्या शहरात आणि विद्यार्थी आपापल्या घरी. मग प्रयोगशाळा कोणती? घरचे स्वयंपाकघर!

पहिला प्रयोग सोपा होता. ग्लासात मिठाचे पाणी घेतले. साध्या पाण्यात खाण्याचा लाल रंग घातला आणि ते चमच्याच्या पाठीवरून हळूहळू ग्लासात सोडले. लाल पाणी वरच राहिले! खारे पाणी जड असते, म्हणून गोडे पाणी त्याच्यावर तरंगते.

दुसरा प्रयोग क्षार मोजण्याचा होता. ऑगस्टमध्ये माझी आपा रत्नागिरीहून माहेरी साताऱ्याला आली. येताना तिने माझ्यासाठी समुद्राच्या पाण्याची बाटली आणली. रविवारी मी अर्धा किलो पाणी मोजून पातेल्यात ओतले आणि मंद आचेवर आटवले. तळाशी पांढरा थर उरला. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, असे पुस्तकात होते. म्हणजे अर्ध्या किलोत साडेसतरा ग्रॅम हवेत. माझ्या काट्याने मात्र फक्त ९ ग्रॅम दाखवले!

रात्री बाराच्या आत आकडा पाठवायचा होता. दुसऱ्यांदा प्रयोग करण्याइतके पाणी उरले नव्हते. मला कॉलेजचे दिवस आठवले. प्रयोग चुकला की आम्ही जुन्या वहीतला आकडा गुपचूप उतरवून घेत असू. आताही कोण पाहणार होते? मी साडेसतरा लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

अम्मी पातेले घासायला मागत होती. मी तिला माझी अडचण सांगितली. ती म्हणाली, "जे निघालं तेच लिही ना बाबा. पाणी काय तुझ्या पुस्तकाला विचारून खारट होतं?"

मी ९ लिहिले आणि पाठवून दिले.

दोन दिवसांनी शिक्षकांचे उत्तर आले. त्यांनी मला चूक ठरवले नव्हते. फक्त तीन प्रश्न विचारले होते : पाणी कोठून घेतले? केव्हा घेतले? किती खोलीवरून घेतले?

मी आपाला फोन केला. तिने भाट्ये येथे, खाडीच्या तोंडाशी, वरवरचेच पाणी भरले होते. तेथे काजळी नदी समुद्राला मिळते. त्यातून पावसाळा! माझ्या ग्लासातले लाल पाणी मला आठवले. नदीचे गोडे पाणी समुद्रावर तरंगत होते, आणि आपाने नेमके तेच भरले होते. माझा आकडा खोटा नव्हता. त्यात कोकणचा पाऊस होता.

१८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचे जहाज जगातील महासागरांत फिरले. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. प्रत्येक नमुना कोठला, किती खोलीवरचा, याची नोंद होती. म्हणूनच ते उपयोगी पडले.

आता आपल्या कृष्णेकडे पाहा. ती महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटर आहे. पण ती पूर्वेकडे वळते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरीही तेथेच मिळतात. त्यामुळे त्या उपसागराचे वरचे पाणी अरबी समुद्राहून कमी खारट असते. आपल्या घाटावरच्या पावसाचाही त्यात वाटा आहे.

सांगलीला परतल्यावर मी क्षाराची पुडी वर्गात नेली आणि त्या मुलीला म्हणालो, "बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला येत नव्हते. कृष्णेतही क्षार असतात. पण इतके थोडे की जिभेला कळत नाहीत. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. कोट्यवधी वर्षे असेच चालले आहे. समुद्रतळावरच्या ज्वालामुखींतूनही काही क्षार येतात."

मग मी साडेसतराची गोष्टही सांगितली. वर्ग शांत झाला. ती मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही साडेसतरा लिहिले असते, तर ते तीन प्रश्न कुणी विचारलेच नसते."

पुढच्या मे महिन्यात आपाने खाडीपासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावरचे पाणी पाठवले. या वेळी काट्याने १८ ग्रॅम दाखवले. दोन्ही आकडे माझ्या वहीत शेजारी शेजारी आहेत, ठिकाण आणि तारखेसह.

मित्रांनो, तुम्हीही घरातील मोठ्यांच्या मदतीने हे प्रयोग करून पाहा. आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर तो खोडू नका. आधी स्वतःला ते तीन प्रश्न विचारा.