शिक्षा, विधी आणि तक्रार

भोपाळमध्ये वाढलेल्या मराठी मुलीला दोन भाषा आपोआप येतात. कायद्याची गोष्ट निघाली की मात्र या दोन्ही भाषा एकमेकींच्या पायात पाय घालतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा हिंदीत ‘शिक्षा का अधिकार’ होतो. नागपूरहून लग्न होऊन इकडे आलेल्या माझ्या आजीला त्याची अजूनही गंमत वाटते. “शिक्षेचा कसला गं अधिकार? ती तर न मागता मिळते!” हिंदीत ‘तकरार’ म्हणजे भांडण, मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणं. हिंदीतला ‘क़ायदा’ म्हणजे रीतभात किंवा मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक, आपला कायदा म्हणजे थेट कोर्ट. मला एलएलबीला प्रवेश मिळाल्याचं कळल्यावर शेजारचे शर्मा अंकल आजीला म्हणाले, “बधाई हो माताजी, बिटिया अब विधि पढ़ेगी.” आजीने मला आत बोलावून हळूच विचारलं, “कोणता विधी? सत्यनारायणाचा का?”

हसून झालं, पण प्रश्न मनात राहिला. मी नक्की काय शिकायला चालले आहे?

आपल्या कॉलेजातून बीए झाले, सीईटी दिली, मुंबईतच तीन वर्षांच्या एलएलबीला नंबर लागला. वर्ग सुरू होईपर्यंतचे दीड-दोन महिने इंद्रपुरीतल्या घरी काढायचे होते. आमचा हा भाग भेलच्या टाऊनशिपला लागून आहे. आजोबा साठच्या दशकात कारखान्यात नोकरीला आले, बाबाही तिथूनच निवृत्त झाले. घरात वकील कोणीच नाही. त्यामुळे सल्ले मात्र भरपूर. कोणी म्हणालं, आत्तापासून इंग्रजी पेपर वाच. कोणी म्हणालं, काळा कोट आधीच शिवून घे, मुंबईत महाग पडतो. मामा म्हणाला, “पहिलं वर्ष नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही.” मामा इंजिनिअर आहे.

बाबांच्या एका मित्राने स्वतःची जुनी पुस्तकं दिली. जाडजूड, पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेली. मोठ्या उत्साहाने उघडली, तेव्हा लक्षात आलं की त्यातली तीन पुस्तकं आता इतिहासाच्या कपाटात जायला हवीत. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. सिनेमातलं ‘दफा ३०२’ आता कलम १०३ झालं. ज्या ४२० वरून आपण लोकांना नावं ठेवतो, ते ३१८ मध्ये जाऊन बसलं. तरीही मी पुस्तकं परत केली नाहीत. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात. म्हणजे निदान काही वर्षं वकिलाला दोन्ही पाढे पाठ हवेत. मी वहीत दोन रकाने आखले, जुनं आणि नवं, आणि रोज दहा कलमं लिहू लागले.

याच वहीमुळे चाचींची गोष्ट सुरू झाली.

चाची आमच्याकडे ब्लाउज, पडदे, उशांचे अभ्रे शिवून देतात. १९८४ साली त्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोरच्या वस्तीत राहायच्या, नवीन लग्न झालं होतं. २-३ डिसेंबरच्या रात्रीबद्दल त्या फार बोलत नाहीत. एका दुपारी माझी वही बघून त्यांनी विचारलं, “वकील बन रही हो ना? एक काग़ज़ देख दोगी?” दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या कागदांची अख्खी पिशवीच घेऊन. त्यांच्या नवऱ्याचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, आधारकार्डावर तिसरंच. एका अक्षराचा, एका आडनावाचा फरक. तेवढ्यावरून एका कार्यालयातून त्यांना तीनदा परत पाठवलं होतं.

मी कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले. त्या दोन दिवसांत मला भोपाळ खऱ्या अर्थाने वाचायला मिळालं. लहानपणापासून हे शहर गॅसकांडाचं म्हणून ऐकलेलं, पण आमचा भेलचा भाग गॅसपीडित वॉर्डांत नव्हता. आमच्यासाठी ती डिसेंबरमधली एक सुट्टी होती. १९८५ मध्ये संसदेने एक कायदा केला. त्याने सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारला दिला. मग फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. जखमींपैकी बहुतेकांच्या हाती नव्वदच्या दशकात पंचवीस हजारांच्या आसपास रक्कम आली, आणि २००४ च्या आदेशानंतर उरलेल्या पैशांतून जवळपास तेवढीच पुन्हा. भरपाई वाढवून मागणारी सरकारची क्युरेटिव्ह याचिका १४ मार्च २०२३ ला फेटाळली गेली. हे सगळं मी चाचींना सांगितलं. त्या दोरा ओवत म्हणाल्या, “हमसे तो किसी ने पूछा ही नहीं था.”

हे वाक्य मी दोन रकान्यांच्या खाली लिहून ठेवलं आहे. त्या कायद्याचा हेतू चांगलाच असेल. हजारो गरीब माणसं अमेरिकेतल्या कंपनीशी एकेकटी कशी लढणार होती? पण ज्याच्या वतीने आपण उभे राहतो, त्याला विचारायचं राहून गेलं की काय होतं, ते माझ्यासमोर बसून अभ्रे शिवत होतं.

फौजदारी खटल्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आरोप सौम्य करून ३०४-अ वर आणले, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. त्यात जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने तेवढीच दिली आणि दोषींना लगेच जामीनही मिळाला. नव्या संहितेत हे कलम १०६ झालं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. माझ्या वहीत ही एक ओळ आहे. चाचींच्या आयुष्यात ती जवळजवळ चाळीस वर्षं आहे.

आता प्रश्न होता, मी करू काय शकते? कायदेशीर उत्तर सोपं आहे: काहीच नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्याशिवाय वकिली करता येत नाही. मी तर अजून वर्गातही बसलेले नव्हते. पण जुन्या पुस्तकांतल्या एका चांगल्या पुस्तकाने रस्ता दाखवला, कारण तो कायदा अजून जिवंत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, उत्पन्न कितीही असो. औद्योगिक आपत्तीचे बळीही आहेत. चाची दोन्हींत बसतात! आणि त्यांना हे आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही दोघी जिल्हा न्यायालयात गेलो, विधिक सेवा प्राधिकरणाचं दालन शोधलं, अर्ज भरला. अर्ज हिंदीत होता आणि मी दोनदा ‘तक्रार’ लिहून खोडून ‘शिकायत’ केलं. तारखांची यादी मी केली होती तेवढी जोडली. त्यांना एक वकील मिळाला आहे, नावाच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र झालं आहे. पुढचं माहीत नाही. निघताना चाची म्हणाल्या, “अब तारीख़ मैं ख़ुद पूछ लूँगी.”

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी मिळायला मात्र १९२२ उजाडलं, आणि स्त्रियांना वकिलीचं दार उघडणारा कायदा १९२३ मध्ये आला. मधली वर्षं त्यांनी वाट बघण्यात घालवली नाहीत. पडद्यातल्या विधवा आणि अनाथ वारसांच्या मालमत्तेची कामं त्या करत राहिल्या. मी काही कॉर्नेलिया नाही. पण सनद मिळेपर्यंतही कागद नीट वाचता येतात, तारखा लावता येतात आणि समोरच्याला विचारता येतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

आजीला आता मी विधीचा अर्थ समजावून सांगितला आहे. तिने तिच्या ट्रंकेतून माझ्यासाठी एक कागद काढला, पणजोबांच्या शेताचं जुनं खरेदीखत. त्यातले निम्मे शब्द मला कळत नाहीत. म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या घरात अशी खरेदीखतं, बक्षीसपत्रं, फेरफाराचे उतारे, कोर्टाच्या नोटिसा असतील, तर त्यातले अडलेले शब्द मला पाठवा. माझ्या वहीत मी तिसरा रकाना आखला आहे. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, मला कळवा, मीही वर्गात विचारून तुम्हाला कळवीन. पहिल्या वर्षी नुसतं ऐकायचं, हा मामाचा सल्ला काही मला जमेलसं वाटत नाही.