बांधावरची फोडणी

फोडणीत काय पडतं? मोहरी, जिरं, हिंग, फार तर कढीपत्ता. आमच्या मराठवाड्यात हा कायदा कुणी मोडत नाही. काळ्या मसाल्यातलं दगडफूल रानातलंच, पण ते किराणा दुकानातून येतं म्हणून त्याला मान!

तर मंडळी, पुण्यात माझा रूममेट टिहरीचा, म्हणजे गढवालचा. रविवारी बटाट्याची भाजी त्याच्याकडे. तो तापलेल्या तेलात मोहरीपेक्षा बारीक, काळपट तपकिरी दाणे टाकतो. ते तडतडतात, खमंग वास सुटतो आणि खाताना दाताखाली कुरकुरतात. नाव जख्या. त्याची आई बाटली भरून पाठवते. पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या झाडाचं बी, म्हणाला. फोटो बघितला तर... अरे, ही तर आपली पिवळी तिळवण! कळंब तालुक्यातल्या आमच्या सोयाबीनमध्ये दरवर्षी माजते ती. चार पाकळ्यांची पिवळी फुलं, हाताला चिकटणारी पानं, उभ्या लांब शेंगा. (जिल्हा २०२३ पासून धाराशिव. आजीसाठी अजून उस्मानाबादच.)

शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा, १७५३ मध्ये लिनियसने दिलेलं. व्हिस्कोसा म्हणजे चिकट. हिचं कूळ मोहरीच्या कुळाचं अगदी जवळचं. मोहरीला झणका देणारी ग्लुकोसिनोलेट गटातली द्रव्यं हिच्यातही असतात. म्हणजे फोडणीशी हिचं नातं जुनंच, आपल्याकडे फक्त सोयरीक झाली नाही.

लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "पिवळं फूल अन् काळं बी? धोत्रा तर न्हाई ना रे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं दगावली. धोत्र्याचं बीही दिसायला मोहरीसारखंच. पण धोत्र्याची पानं काटेरी, तोडली की पिवळा चीक येतो. तिळवणीला ना काटा, ना असा चीक. एकदा वाळलेलं बी वाटीत आलं की मात्र ओळख अवघड, म्हणून वेचायचं ते उभं झाड ओळखूनच. हे आईला सांगायची गरज नव्हती, तुम्हाला सांगतोय.

दुसरी अडचण तणनाशकाची. खुरपणाला बायका मिळत नाहीत, मग सोयाबीनवर सरळ फवारा. फवारलेल्या रानातलं बी खायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं. उरला विहिरीकडचा बांध, तिथे कुणी फवारत नाही.

"जन्मभर खुरपून फेकली, आता येचायला लाव," असं म्हणत दसऱ्याच्या सुमारास तिनं शेंगा तडकायच्या आत झाडं कापली, साडीच्या जुन्या धडप्यावर वाळवून झोडपली. बी निघालं दीड वाटी. एवढ्या मेहनतीला दीड वाटी म्हणजे आपल्या भाषेत आरओआय शून्य!

पहिली फोडणी वरणाला दिली. निकाल फोनवर कळला: "वास चांगलाय, पण वरणात मऊ पडतंय. बटाट्यालाच बरं." हे रूममेटला सांगितलं, तर तो म्हणाला, मी काय वेगळं करतो!

अप्पांना मात्र तिनं बजावून ठेवलंय, विहिरीकडच्या बांधावर पंप मारायचा नाही.