विंचवाचे बिऱ्हाड, चाकांवर



मोटारीतच घर म्हटले की श्रीमंतांची हौस डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावात मात्र दुसरी बाजूही दिसते. २०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती सुमारे २,४०० होती. हिवाळा आला की थंड उत्तरेकडून मोटारघरे परत येतात आणि वस्ती कित्येक पटींनी वाढते.

परतीचा दिवस कष्टाचाच. सकाळी जुन्या मुक्कामी विजेची तार व पाण्याची नळी सोडायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, टायरमधील हवा पाहायची. कपाट नीट लावले नाही तर पहिल्याच वळणावर भांडी खाली! संध्याकाळी गावाच्या दक्षिणेचे ला पोसा हे सरकारी माळरान गाठायचे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तेथे परवान्यावर राहता येते. २०२० साली हंगामाचा परवाना १८० डॉलर होता. जागेवर ना नळ, ना वीज.

येणाऱ्यांत हौशी आहेत, तसेच पेन्शनमध्ये घरभाडे परवडत नाही असे वृद्धही आहेत. काही जण ऑक्टोबरात उत्तरेत साखरेच्या बिटाच्या हंगामात राबून मग इकडे येतात. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या 'नोमॅडलँड' पुस्तकात अशांचे जगणे मांडले आहे.

अमेरिकेत वृद्धांच्या पेन्शनचा कायदा १९३५ साली झाला. तरीही म्हातारपणी ही वणवण! परतायला हक्काचे घर असेल तर ती सहल. नाहीतर ते पोटामागे फिरणेच.