हैदोस

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नऊ मामे-मावस भावंडं आजोळच्या माजघरात उशांनी मारामारी करायचो. एखादी उशी उसवायची, कवडशात कापूस तरंगायचा आणि चुलीपुढून आजीचा आवाज यायचा, "काय हैदोस मांडलाय रे मेल्यांनो!" फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडणारा हा शब्द मला कितीतरी वर्षं तिच्याच घरचा वाटत होता.

तो आला मोहरममधून. 'हाय दोस्त' ही मुळातली हाक. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन शहीद झाले, त्यांच्या दुःखाची. 'हैदोसधुल्ला'तला धुल्ला म्हणजे दूल्हा, नवरदेव. हुसेनांचा पुतण्या कासिम लग्न लागल्या लागल्या लढाईत पडला, अशी लोककथा आहे. त्याच्या नावाचा हा टाहो. मोहरमात पेटवलेल्या अलाव्याभोवती फेर धरणाऱ्यांच्या तोंडी तो इतका भरभर फिरला, की शब्द झिजले आणि आमच्या पदरी नुसता दणदणाट उरला.

इंग्रजांच्या कानांनीही हेच केलं. 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं गोऱ्या सोल्जरांनी 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली निघालेल्या आपल्या जाडजूड कोशाला तेच नाव दिलं. पण इंग्रजांना हसायचं कारण आपल्याला नाही. देवीचा गोंधळही आपण असाच घालवला; आता तो बँकेतल्या रांगेत होतो. गोंधळ काय, हैदोस काय, दोन्ही 'घालायचे'च. क्रियापदसुद्धा एकच! आता हैदोस माकडं घालतात, पिसाळलेली कुत्री घालतात, मथळ्यांतून बिबटे घालतात. रडणं मात्र त्यातून पार निघून गेलं.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण मोहरमात ताशा वाजत सवारी गल्लीत वळली, की हातातलं काम टाकून ती पदर सावरत ओट्यावर यायची. कळशी तिने आधीच भरून ठेवलेली असे. पंजा धरणारा माणूस दारात आला की त्याच्या अनवाणी पायांवर ती पाणी ओतायची, आणि आम्हा पोरांना दटावून गप्प उभं करायची.