ट्रेमध्ये पडून राहिलेला रिपोर्ट

"रक्त तपासायला दिलं होतं. डॉक्टरांचा काही फोन आला नाही, म्हणजे सगळं नॉर्मल असणार." हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. माझ्या एका पेशंटनेही एका शनिवारी असंच म्हटलं होतं. त्याची किंमत त्यांना जवळजवळ जिवाने मोजावी लागली असती आणि त्या चुकीत माझा मोठा वाटा होता. त्यांनी आनंदाने परवानगी दिली म्हणून, ओळख न सांगता, ही हकीकत लिहितो आहे.

हे पेशंट म्हणजे निवृत्त शिक्षक, वय ७० च्या पुढे. आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो. बीपी आणि हृदयाच्या त्रासासाठी त्यांना रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन अशा दोन गोळ्या चालू होत्या. या दोन्ही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून अधूनमधून तपासणी करावी लागते. शनिवारी सकाळी त्यांनी रक्त दिलं. सोमवारी सकाळी ते मुलीच्या खांद्याचा आधार घेत दवाखान्यात आले. पायात त्राण नव्हतं आणि नाडी मिनिटाला ४० च्या आसपास होती. ईसीजी पाहिला आणि माझ्याच छातीत धस्स झालं. कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन त्यांना ॲम्ब्युलन्सने आयसीयूत पाठवलं. नंतर रिसेप्शनवरचा ट्रे उपसला. तळाशी त्यांचा रिपोर्ट होता, शनिवार संध्याकाळचा. पोटॅशियम ६.८! नॉर्मल पातळी साधारण ३.५ ते ५ असते आणि ६.५ च्या वर गेलं की हृदय कोणत्याही क्षणी बंद पडू शकतं.

सर वाचले. पण त्या दिवशी मी काय केलं, तर रिसेप्शनवरच्या ताईंवर सगळ्यांदेखत ओरडलो. त्या रडत एवढंच म्हणाल्या, "सर, मी नेहमीप्रमाणे ट्रेमध्येच ठेवला होता."

सरांची मुलगी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. सरांना डिस्चार्ज मिळाल्यावर ती भेटायला आली. मला वाटलं, आता भांडणार. ती म्हणाली, "डॉक्टरकाका, रागावू नका, पण एक विचारते. त्या ताईंच्या जागी उद्या दुसरं कुणी आलं, तर हे पुन्हा घडणार नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने मला तिच्या कारखान्यात वापरतात ती पद्धत समजावली. तिचं नाव सिक्स सिग्मा.

सिक्स सिग्मा म्हणजे काय?

१९८६ साली अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ नावाच्या इंजिनियरने ही पद्धत मांडली. पुढे १९९५ पासून जॅक वेल्च यांनी ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये राबवली आणि ती जगभर पसरली. सिग्मा हे ग्रीक अक्षर. संख्याशास्त्रात ते चढउतार मोजायला वापरतात. काम 'सिक्स सिग्मा' दर्जाचं आहे असं कधी म्हणायचं? चूक होण्याच्या दहा लाख संधींमध्ये प्रत्यक्ष चुका ३.४ पेक्षा जास्त नसतील, तेव्हा. तिथे पोहोचण्यासाठी पाच पायऱ्या आहेत: नेमकं काय बिघडलंय ते ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा आणि सुधारलेलं टिकवा.

वाचायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पहिली पायरी. तिने मला समस्या एका वाक्यात लिहायला सांगितली. मी लिहिलं, 'स्टाफ निष्काळजी आहे.' ती हसली. "काका, हे मत झालं. यात मोजण्यासारखं काय आहे?" तीन वेळा खोडल्यावर वाक्य झालं ते असं: 'लॅबमध्ये तयार झालेला प्रत्येक रिपोर्ट २४ तासांत आणि धोकादायक रिपोर्ट एका तासात डॉक्टरांनी पाहिला पाहिजे. तसं होत नाही.' या वाक्यात कुणाचंच नाव नव्हतं. ताईंचं नाही आणि माझंही नाही.

दुसरी पायरी, मोजणी. एक साधी वही केली. रिपोर्ट कधी आला आणि मी कधी पाहिला, एवढे दोनच रकाने. दोन आठवडे थांबायचं ठरलं. मला विचाराल तर उशीर होणारे रिपोर्ट 'एखाद-दुसरा' असतील अशी माझी खात्री होती. वहीत १४० रिपोर्टची नोंद झाली आणि त्यातले ११ मी २४ तासांत पाहिलेच नव्हते. याच हिशेबाने दहा लाखांत सुमारे ७८ हजार! कारखान्याच्या भाषेत आम्ही तीन सिग्मालाही पोहोचत नव्हतो. वीस-पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला हा आकडा पचवायला जड गेला.

तिसरी पायरी, कारण. एकदा 'का?' विचारून थांबायचं नाही, उत्तर मिळालं की पुन्हा 'का?' विचारायचं. रिपोर्ट ट्रेमध्ये का राहिला? कारण मी शनिवारी संध्याकाळी एका लग्नाला लवकर निघालो आणि रविवारी दवाखाना बंद असतो. मग लॅबने फोन का नाही केला? केला होता! दुपारी तीन वाजता, दवाखान्याच्या लँडलाइनवर. उचलायला कुणी नव्हतं. मोबाइलवर का नाही केला? कारण लॅबकडे माझा नंबरच नव्हता. का नव्हता? कारण काही वर्षांपूर्वी मीच बजावलं होतं, 'दुपारच्या वेळी मला फोन नको.' माझी वामकुक्षी मोडायची म्हणून!

शिवाय उशिरा पाहिलेल्या त्या ११ पैकी दोन रिपोर्ट माझ्याच बॅगेत सापडले, 'घरी निवांत बघू' म्हणून नेलेले. ज्यांच्यावर मी ओरडलो होतो, त्या ताईंचा दोष या साखळीत कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर मी त्यांची माफी मागितली. ओरडलो सगळ्यांदेखत, तर माफीही तशीच हवी.

चौथी पायरी, सुधारणा. लॅबसोबत बसून धोकादायक आकड्यांची यादी केली: पोटॅशियम, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स वगैरे. यातला आकडा आला की टेक्निशियनने थेट माझ्या मोबाइलवर फोन करायचा, मी तो आकडा त्यांना परत म्हणून दाखवायचा आणि वेळ दोघांनी लिहायची. बाकी रिपोर्टसाठी माझ्याच टेबलावर लाल ट्रे ठेवला. तो रिकामा केल्याशिवाय मी उठायचं नाही आणि रिपोर्ट घरी न्यायचे नाहीत. खर्च आला तो लाल ट्रेचा. आणि हो, काही दुपारच्या झोपांचा.

पाचवी पायरी सगळ्यात अवघड. तीन महिने वही व्यवस्थित भरली गेली. मग दिवाळी आली आणि रकाने कोरे राहू लागले. 'आता काय, सवय झाली' असं वाटायला लागतं आणि घसरण तिथूनच सुरू होते. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ताई आणि मी दहा मिनिटं वही घेऊन बसतो. चुका शून्य झाल्या, असा माझा दावा नाही. पण आता चूक झाली तर ती आम्हाला दिसते.

हे तुम्हाला का सांगतोय?

कारण बीपी आणि डायबेटिसचे बहुतेक पेशंट याच पाचव्या पायरीवर घसरतात. गोळी लागू पडते, आकडा सुधारतो आणि मग 'आता बरं आहे' म्हणून गोळी, चालणं, पथ्य सगळं सुटतं. आकडा सुधारला तो या सगळ्यामुळेच, हे आपण विसरतो.

दुसरं म्हणजे 'माझं बीपी कधीकधी वाढतं' यावरून मला फारसं काही कळत नाही. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून घरी मोजलेले आकडे वहीत लिहून आणलेत, तर खूप कळतं. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर विचार करावा लागतो.

तिसरं, प्रत्येक चढउताराला कारण नसतं. १९२४ साली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने कारखान्यांसाठी एक आलेख तयार केला. नेहमीचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे त्यावरून वेगळं ओळखता येतं. काल १२८ आणि आज १३४, म्हणून घाबरून स्वतःच गोळी वाढवू नका. पण रोज १३० च्या आसपास असणारं बीपी अचानक १८० झालं, तर वाट बघत बसू नका, लगेच फोन करा.

आणि सरांचं पोटॅशियम एवढं वाढलं कशाने? तिथेही 'का?' विचारत गेलो. मोबाइलवर आलेला एक मेसेज वाचून त्यांनी घरातलं मीठ बदलून 'लो सोडियम' मीठ सुरू केलं होतं. त्यात सोडियमऐवजी बरंचसं पोटॅशियम असतं. शिवाय रोज एक शहाळं. निरोगी माणसाला यातलं बहुधा काही बाधत नाही, पण त्यांच्या दोन गोळ्यांसोबत ते विषासारखं ठरलं. मी त्यांना मिठाबद्दल विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आता माझ्या टेबलावरच्या प्रश्नांच्या यादीत 'कोणतं मीठ वापरता?' हा प्रश्न आहे.

शरीर म्हणजे कारखान्यातला सुटा भाग नाही आणि औषधोपचाराचं सगळं काही दहा लाखांच्या हिशेबात बसत नाही, हे मला मान्य आहे. पण रिपोर्ट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वेळेत पोहोचणं, हे नक्की बसतं.

तेवढ्यासाठी तुम्ही इतकं करा:

१. तपासणी करताना विचारा: रिपोर्ट कधी येणार, कोण पाहणार आणि मी कोणत्या नंबरवर विचारू?

२. ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर स्वतः फोन करा. फोन आला नाही म्हणजे रिपोर्ट नॉर्मल, असं समजू नका.

३. लॅबच्या फॉर्मवर सुरू असलेला मोबाइल नंबर लिहा, घरातल्या आणखी एकाचाही लिहा.

४. गोळ्यांसोबत तुम्ही घेत असलेले काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर आणि मीठसुद्धा डॉक्टरांना सांगा.

सर आता साधं मीठ खातात, तेही बेताने. परवा रक्त देऊन गेले आणि संध्याकाळी बरोबर सहा वाजता त्यांचा फोन आला, "डॉक्टर, माझा रिपोर्ट पाहिलात का?" पाहिला होता. ४.६ होता. पण त्यांनी विचारलं याचा मला जास्त आनंद झाला. तुम्हीही विचारत जा.