नागपूर केंद्र आणि वऱ्हाडचे कान

अकोला

तीर्थरूप दादास,


"मोबाइलवर पाहिजे ते गाणं मिळते, तरी लोकाइले जुना रेडिओ काहून आठवते?" हा तुमचा सवाल. गाण्यांसाठी नव्हे, एवढं नक्की. नको ते कानावर पडायचं, म्हणून आठवतो.

16 जुलै 1948 ला आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं. पुढं अमरावती-अकोल्यातल्या रेडिओंचे काटे त्याच्याच 585 किलोहर्ट्झवर बसून राहिले. कापसाच्या भावासाठी थांबलेला कास्तकार आधीचं कीर्तनही ऐकायचा आणि श्रुतिकाही. सकाळी 6:55 ला बलदेवानंद सागर संस्कृतात बातम्या द्यायचे. संस्कृतचं अक्षर न कळणारी माणसं त्यांची सुरुवात हुबेहूब म्हणून दाखवायची.

अकोल्याला 1969 मध्ये कृषी विद्यापीठ झालं. रेडिओवरची तिथल्या तज्ज्ञांची बोंडअळीवरची भाषणं शहरातल्या पोरांना रटाळ वाटायची. धुऱ्यावरच्या बाभळीला ट्रान्झिस्टर टांगून निंदण करणाऱ्यांना ती कामाची होती. कातडी खोळीतला तो ट्रान्झिस्टर. सेल उतरले की उन्हात तापवायचे आणि पुन्हा घालायचे. वर डाकघरात जाऊन परवान्याची फी भरायची ती वेगळीच!

रात्रीची मजा निराळी. सूर्य बुडाला की मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांब पोचतात. काटा केसभर सरकवला की इंदूर बोलायचं. बुधवारी आठला शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन, अमीन सायानी, बिनाका गीतमाला. ती 1952 ची. त्या काळात नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लावली होती, त्यामुळं श्रोते आपसूक सिलोनकडं गेले. विविध भारती आली ती 3 ऑक्टोबर 1957 ला. सरकारलाही अक्कल यायला वेळ लागतो.

आता अकोल्याला 102.4 वर स्वतःची आकाशवाणी आहे. आवाज स्वच्छ, पण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. मेळघाटच्या डोंगराआड त्यांचं काही चालत नाही. खाजगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, द्यायच्याच तर आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. मग उरतं काय? नागपुरात वाजतं तेच गाणं अकोल्यात. आपल्या बाजार समितीत कापूस आज काय भावानं गेला, हे त्या निवेदकाला कोण विचारणार?

माळ्यावरचा तुमचा संच दुरुस्तीला द्यायचा म्हणता, तर आधी सेलचा कप्पा उघडून पाहा. सेल आतच राहिले असतील तर स्प्रिंगा गंजल्या असतील. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ